लाल खुणेच्या घरातलं पाणी

“तुझ्या लेकीची सावली पडली असणार. त्याशिवाय ती रेडिओची पेटी अशी मरते का?”

काकू विहिरीपाशी उभ्या राहून माझ्या आईला सांगत होत्या. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण परसातल्या खोलीत मला ऐकू जावा इतपतच. मी त्या खोलीत बाजूला बसले होते. पाळीच्या दिवसांत आमच्या घरातल्या बायका तिथेच बसायच्या. एक चटई, एक तांब्या, आणि भिंतीला टेकवलेलं जळण. जळणात विंचू निघतात असं सगळ्यांना माहीत होतं आणि ते तिथून कोणी हलवत नव्हतं.

“शनिवारी मद्रासचे मामा येतील,” काकू पुढे म्हणाल्या. “त्यांना मी सांगून टाकणार. त्यांच्या घरी मडी कडक. ही इंग्रजी शाळेची पोर, हिला परस काय आणि देवघर काय, सगळं एकच. उद्या तिथे काही जाहलं तर बोल आपल्यावर नको. ऐकतेस ना गे?”

आईने पोहरा वर ओढला, घागरीत रिकामा केला आणि पुन्हा खाली सोडला.

“सांगा, अक्का,” ती म्हणाली.

मला काकूंचा राग आला नाही. त्यांचा राग रोजचाच होता, त्याची सवय झाली होती. त्या दिवशी मला आईचा राग आला.

आमच्या घरची मराठी मी इथे जशीच्या तशी लिहीत नाही. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्यांची ती भाषा देशावरच्या माणसाला ऐकवली की तो आधी हसतो आणि मग कौतुक करतो. मला दोन्ही नको आहेत. ‘मडी’ मात्र ठेवते. मडी म्हणजे सोवळं, पण सोवळं म्हटलं की काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. मद्रासला सरकारी कचेरीत होते. वडील गेल्यापासून आई आणि मी थोरल्या काकांच्या घरी राहत होतो. वडिलांनी हट्टाने मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि ते गेल्यावर काकांनी मला तिथून काढलं नाही, कारण काढलं असतं तर गावात बोललं गेलं असतं. मी मॅट्रिक झाले तेव्हा मामांनी निरोप पाठवला की मुलीला पुढे शिकायचं असेल तर आमच्याकडे राहून कॉलेजात जाऊ दे. काका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मामा येतील, मुलीचं वळण बघतील, पसंत पडलं तर रविवारच्या गाडीने घेऊन जातील, असं ठरलं. मला बघायला येणारा हा पहिला माणूस लग्नासाठी येत नव्हता. तो तसाच परत गेला असता तर पुढचा लग्नासाठीच आला असता.

आणि मधे ही बॅटरी आली.

काका वकील होते. तिरुभुवनमच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याचा दावा त्यांनी जिंकून दिला, तेव्हा त्या माणसाने त्यांना रेडिओ भेट दिला. विजेच्या तारा तोवर मोठ्या रस्त्यापर्यंतच आल्या होत्या. आमच्या गल्लीत आल्या नव्हत्या. म्हणून रेडिओबरोबर काळी, जड, मोटारीत असते तशी बॅटरी आली. ती कूडममध्ये, म्हणजे आमच्या मधल्या मोठ्या खोलीत, खिडकीखाली एका लाकडी पाटावर ठेवलेली असे. तिला आत तीन वेगवेगळी घरं होती. प्रत्येक घराला वर एक बूच, आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाबाचं पाणी. एका टोकाला लाल रंगाची फुली, दुसऱ्या टोकाला काही नाही. सुरुवातीला एकदा भरून आणली की ती आठवडाभर पुरायची. मग चार दिवस, मग दोन. काका संध्याकाळी युद्धाच्या बातम्या लावायचे आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज जाड होत होत मधेच बुडायचा. रस्त्याकडच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, ऐकायला बसलेले शेजारी उठून जायचे. जाताना कोणीतरी म्हणायचं, “वकिलांकडे लंडन लवकर झोपतं.” काकांना हे फार लागायचं.

बस स्टँडजवळच्या शेडमध्ये बॅटऱ्या भरून देणारा एक माणूस होता. काकांनी त्याला घरी बोलावलं. त्याने पाटाजवळ उकिडवं बसून दोन टोकांना आपलं यंत्र लावलं, काटा बघितला आणि तमिळमध्ये म्हणाला, “सहा व्होल्ट. माल उत्तम आहे, अय्या. घरात हिला हात कोण कोण लावतं?” असं विचारताना तो दारातल्या बायकांकडे बघत होता. त्याला बॅटरीतलं फारसं कळत नव्हतं, पण घरातल्या माणसांना काय ऐकायचं असतं ते त्याला छान कळत होतं. काकूंना त्या दिवशी कारण मिळालं. ते वापरायचं कधी, एवढंच त्या बघत होत्या.

मी बोलत नसे. शाळेत बोलत नसे, घरी तर नाहीच. शाळेत मला मंद समजायचे आणि घरी शिष्ट. दोन्हीकडे मी बघत असे. परसातल्या खोलीतून बघायला तर फार सोयीचं होतं. आमच्या घरांची दारं एका रेषेत असतात. विहिरीपासून थेट रस्त्यावरची बैलगाडी दिसते. या वेळी बाजूला बसले असतानाच बॅटरी शेडमधून भरून आली, तेव्हा मी चटईवर बसून पाहिलं होतं. काकू ओल्या नेसणीने, हातात देवघरातला तांब्याचा कलश घेऊन तिच्याजवळ गेल्या आणि पाठमोऱ्या वाकल्या. शेडमध्ये कोणाकोणाचे हात लागलेली वस्तू घरात आली, तिच्यावर पाणी शिंपडत असतील, असं मला वाटलं. बाजारातून आलेल्या खुर्चीवरही त्या शिंपडायच्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

अंघोळ करून मी घरात आले, त्या सकाळी बॅटरी पुन्हा शेडमध्ये गेली होती. गुरुवारी भरून आली. काका कोर्टात होते, दुपारी सगळे आडवे झाले होते. मी पाटाजवळ जाऊन बसले.

शाळेत आमच्या विज्ञानाच्या सिस्टरकडे घंटेसाठी अशीच एक लहान बॅटरी होती. तिच्या बुचांना हात लावायची परवानगी वर्गात फक्त मला होती, कारण मी कोणाशी बोलत नसे आणि त्यामुळे काही सांडत नसे. तेजाबाचं पाणी किती जड आहे ते मोजायची एक काचेची नळी असते. वर रबरी फुगा, आत तरंगणारी बारीक कांडी. फुगा दाबून सोडला की नळीत पाणी चढतं. बॅटरी भरलेली असेल तर पाणी जड असतं आणि कांडी उंच तरंगते. रिकामी होत आली की ती बुडते. कांडीवर आकडे असतात. साडेबाराशेच्या वर असेल तर चांगलं. तशी एक नळी रेडिओच्या खोक्यातूनही आली होती. काकांनी ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी काचेच्या कपाटात, चांदीच्या अत्तरदाणीशेजारी उभी करून ठेवली होती.

मी ती काढली. पहिल्यांदा खूण नसलेल्या टोकाचं घर पाहिलं. कांडी उंच तरंगली. मधलं पाहिलं, तेही तसंच. मग लाल खुणेचं. तिथे कांडी खूप खाली गेली. आजच भरून आलेल्या बॅटरीत हे बसत नव्हतं. शेडमधल्याने दोन टोकांना यंत्र लावून तिघांची बेरीज वाचली होती. नुसती ठेवलेली असताना बेरीज ठीकच दिसते. एकत्र कुटुंबासारखंच ते. दोघे कमावतात, तिसरा आतून रिकामा असतो, आणि दारात उभं राहिलेल्याला घर भरलेलं दिसतं. रेडिओ लावला की मात्र तिघांनाही सारखंच द्यावं लागतं. रिकामं असतं ते आधी संपतं, आणि मग बाकीचे दोघे त्यालाच उलटं ओढू लागतात.

पण ते घर रिकामं का होत होतं? डबा तडकून गळत असेल, असं आधी मनात आलं. मी फडक्याने बाजू पुसली, खालचा पाट पाहिला. तेजाब पडलं असतं तर लाकूड जळलं असतं. लाकूड नीट होतं. आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर ते मला बाहेरून कळलं नसतं. मी नळी धुऊन अत्तरदाणीशेजारी उभी केली, थोडी तिरकी, कारण ती नेहमी तशीच असे.

दुसरा दिवस शुक्रवार. काकूंची पूजा झाली. मी कूडममध्ये वाती वळत होते. काकू कलश आणि पळी घेऊन आल्या, पाटाशी बसल्या आणि लाल खुणेच्या घराचं बूच फिरवून काढलं. दोन पळ्या पाणी आत सोडलं. बूच लावलं. मग उरलेल्या दोन घरांची बुचं काढून त्यांत औषधांच्या दुकानातल्या बाटलीतलं पाणी घातलं. काकांनी ते काम त्यांच्याकडेच सोपवलं होतं. शेवटी लाल फुलीला बोट लावून तेच बोट त्यांनी कपाळाला लावलं.

आमच्या घरात कुठल्याही भांड्यात पहिलं पाणी देवाचं पडतं. नवी घागर असो, शाईची दौत असो, तापातल्या माणसाचं औषध असो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि काकू लपवतही नव्हत्या. रोज आमच्यासमोरून जात होत्या. बाटलीतलं पाणी कुठल्या जातीच्या हाताने गाळलं ते ठाऊक नाही, तर निदान पहिल्या घरात तरी शुद्ध पाणी असू दे, एवढाच त्यांचा हिशेब. आणि पहिलं घर कुठलं, तर ज्याच्या कपाळावर कुंकू आहे ते.

तो कलश तांब्याचा. आत मागच्या महामहमच्या, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या स्नानपर्वाच्या वेळी गावच्या तलावातून आणलेलं पाणी, त्यात रोज पहाटे कावेरीची भर. तो कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, असा नियम. आतून त्याला हिरवी साय धरली होती. सिस्टरने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की यात गाळून थंड केलेल्या वाफेच्या पाण्याशिवाय काही घालायचं नाही. विहिरीचं नको, नदीचं नको, तांब्यालोखंडाला लागलेलं तर मुळीच नको. तसलं पाणी गेलं की ते घर कोणी न वापरता आतल्या आत झरत राहतं. त्या सांगत होत्या तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते असं त्यांना वाटलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा मोजलं. काका आदल्या दिवशी कोर्टातूनच एका दाव्यासाठी बाहेरगावी गेले होते, म्हणून त्या रात्री रेडिओ लागलाच नव्हता. बाकीची दोन घरं होती तिथेच होती. लाल खुणेच्या घरातली कांडी आणखी खाली गेली होती. दोन पळ्या पाण्याने पातळ होऊन इतका फरक पडत नाही.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आई चिंच कोळत होती. तिने वर बघितलं नाही.

“कळलं तर कळू दे,” ती म्हणाली. “सांगू मात्र नको.”

“मामांना त्या माझ्याबद्दल सांगणार आहेत.”

“सांगू दे.”

“मग ते मला नेणार नाहीत.”

“तू जाशील गे,” आई म्हणाली. “मज इथेच राहायचं आहे.”

तिचं खरं होतं. तिचं नेहमीच खरं असे, म्हणून तिच्याशी भांडताही येत नसे.

शनिवारी मामा आले. उंच, नाकाने बोलणारे, पाय धुताना पाणी घोट्याच्या वर गेलं का ते वाकून बघणारे. त्यांनी मला दोन प्रश्न इंग्रजीत विचारले. मी उत्तरं दिली, जितक्या कमी शब्दांत देता येतील तितक्या. ते काकांकडे वळून म्हणाले, “मुलगी शांत आहे.” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “हो तर. शांत फार आहे.” त्यांच्या तोंडी तो शब्द रोगाच्या नावासारखा वाटला.

दिवे लागल्यावर काकांनी तिरुचिरापल्लीचं केंद्र लावलं. भजन होतं. गोविंदपुरम्‌ला दरवर्षी भजनाला जाणारे आमचे काका डोळे मिटून मांडीवर ताल धरू लागले. मामा झोपाळ्यावर बसले होते. आई खांबाआड. रेडिओच्या आत एक बारीक गुणगुण सतत चालू असते. ती मंदावू लागली तेव्हा मी ती ऐकली, इतर कोणी नाही. मग गाणाऱ्याचा गळा बसल्यासारखा झाला. मग तो खोल विहिरीतून गाऊ लागला. मग काहीच नाही. काकांचा हात मांडीवर थोडा वेळ ताल देत राहिला.

“परवाच भरून आणली होती,” ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

“पाहिलंत ना, मामा?” काकू दारातून पुढे आल्या. “लपवून काय करायचं, आपलंच माणूस आहे. या घरात कोणी बाजूचं पाळत नाही आता. देवाच्या खोलीवरून जाणं, येणं. गेल्या वेळीही ही पेटी मेली, तेव्हा कोण बाजूला होतं ते हिच्या आईला विचारा. शेडमधला तो शूद्र माणूस, त्यालासुद्धा कळलं.”

मामांनी झोपाळा पायाने थांबवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या पायांकडे, मी कुठे उभी आहे ते. एवढं पुरेसं होतं. गाडीतली माझी जागा त्या नजरेबरोबर गेली, हे मला स्पष्ट दिसलं. आईचा पदर खांबाआड हलला. ती मान खाली घालत असणार.

मी कपाटाकडे गेले. अत्तरदाणीशेजारची नळी काढली. कंदील पाटावर ठेवला. खूण नसलेल्या घराचं बूच काढलं, फुगा दाबला, सोडला आणि नळी काकांच्या चष्म्यासमोर धरली. त्यांनी काही न समजता आकडा वाचला. मधल्या घराचंही वाचलं. मग लाल खुणेचं. कांडी नळीच्या तळाला टेकली होती. काका पुढे वाकले. “हे काय? हे एकच कसं रिकामं?” मी नळी मामांसमोर नेली. त्यांनी अंग मागे घेतलं, पण आकडा पाहिला. कचेरीतला माणूस समोरचा आकडा पाहिल्याशिवाय राहत नाही.

“दोन ठीक, एक बुडालेलं,” मामा म्हणाले. “म्हणजे यात काहीतरी पडलं आहे.”

“पडलं असेलच,” काकू म्हणाल्या. “काच तिच्या हातात, बुचं तिच्या हातात. कशी झरझर काढली पाहिलंत ना? कोणी शिकवलं? पुन्हा पुन्हा हात लावल्याशिवाय हे येतं का? चोर आपणच दिवा धरून आला, आणि तुम्ही आकडे वाचता!”

काका रेडिओच्या बटणाशी उगाच चाळा करत होते. त्यांना भांडण नको होतं, फक्त मधेच न बुडणारी बातमी हवी होती.

“इकडे बघ,” मामा म्हणाले. इंग्रजीत नाही, आमच्या मराठीत. “तू याला हात लावलास का? खरं काय ते सांग.”

खांबाआडून आई माझ्याकडे बघत होती. आता तिची मान खाली नव्हती. तिने हळूच, कोणाला दिसणार नाही इतकी, नाही अशी मान हलवली. मी जाईन आणि ती राहील, तेच ती पुन्हा सांगत होती. माझ्या नळीतून एक थेंब पाटावर पडला आणि लाकूड तिथे काळं पडायला लागलं.

“लावला, मामा,” मी म्हणाले. “परवा, काल आणि आत्ता. पण लाल खुणेच्या घरात देवाच्या कलशातलं पाणी दर वेळी काकू घालतात, मी परसात बाजूला बसले होते तेव्हाही त्यांनीच घातलं. यात आईचा काही संबंध नाही, तिला कोणी काही बोलायचं नाही. आता मला उद्या नेणार की नाही, तेवढं इथे सगळ्यांसमोर सांगा.”